पिवळ्या झाकणाखालचं गाणं

२००४ चा फेब्रुवारी. इंडियानातलं एक विद्यापीठाचं गाव, खिडकीबाहेर घोट्यापर्यंत बर्फ, आणि मी बाथरूममधल्या बेसिनपाशी उभी राहून पेप्सीच्या बाटलीचं पिवळं झाकण जुन्या टूथब्रशनं घासत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला अक्षरं आणि आकडे मिसळून एक कोड छापलेला. पेयाचा चिकट थर वाळून त्यावर बसला होता, त्यामुळे शेवटचं अक्षर बी आहे की आठाचा आकडा, ते कळेना. कोमट पाणी, थोडा साबण, दोनदा ब्रश. आठच होता. त्या कोडाच्या बदल्यात मला एक गाणं मिळणार होतं, रीतसर, कुणाचं काही न चोरता.

हे शेवटचे शब्द तेव्हा मला फार महत्त्वाचे वाटत. २००३ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून एमएस करायला आले, ती दोन बॅगा आणि सीडींचं एक पाकीट घेऊन. पाकिटातल्या बहुतेक सीडी कुणाकुणाकडून कॉपी केलेल्या. आमच्याकडे त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. मी पोचले आणि महिन्याभरात, ८ सप्टेंबरला, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं इंटरनेटवर गाणी वाटणाऱ्या २६१ जणांवर एकदम दावे ठोकले. त्यात न्यूयॉर्कमधली एक बारा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईनं २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. विद्यापीठाकडून आम्हा सगळ्यांना ईमेल आली, की वसतिगृहाच्या नेटवर्कवरून अशी गाणी उतरवलीत तर जबाबदारी तुमची. अमेरिकन मुलांनी ती ईमेल वाचली आणि विसरली. आम्ही एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरची पोरं मात्र घाबरलो. २,००० डॉलर म्हणजे नव्वद हजार रुपये, आणि वर व्हिसावर डाग. माझ्या रूममेटनं त्याच रात्री संगणकातून काझा, म्हणजे अशी फुकट गाणी उतरवायचा प्रोग्राम, काढून टाकलं.

गाण्याशिवाय राहायची मला सवय नव्हती. घरी पहाटे आकाशवाणी लागायची ती बाबा ऑफिसला निघेपर्यंत चालू असायची.

ॲपलचं इंटरनेटवरचं गाण्यांचं दुकान, आयट्यून्स म्युझिक स्टोअर, २८ एप्रिल २००३ ला सुरू झालं होतं, पण फक्त त्यांच्याच मॅक संगणकांसाठी. १६ ऑक्टोबरला ते विंडोजवर आलं आणि त्याच वेळी पेप्सीबरोबरची योजना जाहीर झाली: १० कोटी गाणी मोफत. एरवी एक गाणं ९९ सेंटना. तेव्हाच्या भावानं साधारण पंचेचाळीस रुपये. सांगलीत तेवढ्यात अख्खी कॅसेट यायची, दोन्ही बाजू भरून. एका गाण्याला तेवढे पैसे मोजणं मला शक्यच नव्हतं, म्हणून मी या योजनेची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल.

१ फेब्रुवारीला ह्यूस्टनमध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, झाला. डिपार्टमेंटच्या पार्टीत खेळ मला फारसा कळला नाही, जाहिरात मात्र अजून आठवते. ज्या मुलांवर ते दावे झाले होते त्यांच्यातलीच काही खरी मुलं जाहिरातीत होती. हातात पेप्सी, आणि म्हणणं असं की आम्ही अजूनही इंटरनेटवरून फुकट गाणी घेणार. माझ्याबरोबरचे सगळे हसले. मला त्या मुलांचे चेहरे बघून कसंसंच झालं. ज्या गोष्टीनं त्यांच्या घरच्यांची झोप उडाली असेल तीच आता बाटली विकायला कामी येत होती. तरीही, खरं सांगायचं तर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिवळं झाकण शोधायला बाहेर पडले.

ते लगेच मिळालं नाही. आमच्या गावातल्या दुकानांत आधीचा माल संपायचा होता. पेप्सी, डाएट पेप्सी आणि सिएरा मिस्ट, यांच्या वीस औंसांच्या आणि एक लिटरच्याच बाटल्या योजनेत होत्या. कॅन नाहीत, दोन लिटरची बाटली नाही. अशा ३० कोटी बाटल्या, आणि दर तिसऱ्या झाकणाखाली गाणं. आता हिशेब करा. डिपार्टमेंटच्या मशीनमध्ये बाटली सव्वा डॉलरला. तीन बाटल्यांचे पावणेचार डॉलर झाले, तेव्हा सरासरीनं ९९ सेंटचं एक गाणं हाती लागणार. जो तसाही रोज पेप्सी पितो त्यालाच ते फुकट. मला तर फेसाळ पेयांनी ढेकर येऊन छातीत जळजळतं. पहिली बाटली मी विकत घेतली, अर्धी प्यायले, झाकण उलटं केलं आणि तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाची ओळ निघाली. तेव्हाच ठरवलं की बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत, झाकणं गोळा करायची.

(अशा योजनांमध्ये बारीक अक्षरांत ‘खरेदी आवश्यक नाही’ असं छापतात, त्याचं कारण मला पुढे एका वकील मैत्रिणीनं सांगितलं. बक्षीस, नशीब आणि त्यासाठी मोजलेली किंमत, हे तीन एकत्र आले की अमेरिकेत त्याची लॉटरी होते, आणि लॉटरी काढायला खासगी कंपनीला परवानगी नाही. म्हणून तिसरी गोष्ट तरी काढून टाकावी लागते.)

दरम्यान एक युक्ती सगळीकडे पसरली. बंद बाटली थोडी तिरपी धरायची आणि मानेच्या बाजूनं झाकणाच्या आत डोळा लावायचा. हरणाऱ्या झाकणावरच्या ओळीतला ‘अगेन’ हा शब्द दिसला तर बाटली परत ठेवायची. आमच्या अपार्टमेंटजवळच्या गॅस स्टेशनवर मीही हे केलं, रूममेटसाठी. दोन बाटल्या ठेवल्या, तिसरी उचलली. दुकानातले काका मूळचे नडियादचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. पैसे घेताना शांतपणे म्हणाले, “बेटा, तू जो छोड के जाती है, वो भी तो किसी को बेचनी है.”

मी घरी आले आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. तीनात एक ही शक्यता सगळ्यांसाठी सारखी ठेवलेली होती. आधी येणाऱ्यानं तिरपं धरून चांगल्या उचलल्या, तर संध्याकाळी कामावरून दमून येणाऱ्या माणसाला फ्रीजमध्ये नुसती हरलेली झाकणं उरणार, आणि त्याला ते कधी कळणारही नाही. मी पुन्हा बाटली तिरपी केली नाही. ज्याला ते चालतं त्याला चालो. मला ते चालत नाही, आणि आजही चालत नाही.

झाकणं गोळा करायला सुरुवात केल्यावर एक गोष्ट लक्षात आली: लोक ती सहज फेकून देत होते. जिंकलेली झाकणंसुद्धा! लॅबमधला एक मुलगा दिवसाला दोन बाटल्या प्यायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, कोण तो प्रोग्राम उतरवून घेणार, कोण खातं उघडणार. त्यानं डबाभर झाकणं माझ्या टेबलावर ओतली.

त्याचं म्हणणं आळशीपणाचं वाटलं तरी खोटं नव्हतं. झाकणापासून गाण्यापर्यंतची वाट अशी होती: आधी आयट्यून्स उतरवून घ्यायचं, आणि ते विंडोज २००० किंवा एक्सपीवरच चालायचं. विद्यापीठाच्या लॅबमधल्या संगणकांवर आम्हाला काही बसवायची मुभा नव्हती, म्हणजे स्वतःचा संगणक हवा. मग खातं, अमेरिकेतला पत्ता, पासवर्ड. मग कोड न चुकता टाइप करायचा. मग खात्यावर एक गाणं जमा व्हायचं आणि ते खर्च करायला दुकानात हिंडायचं. घरी टेलिफोनच्या तारेवरचं डायल-अप इंटरनेट असेल तर चार एमबीचं गाणं उतरायला दहा-पंधरा मिनिटं. आणि एवढं करून ते संगणकातच. ॲपलचा खिशातला प्लेअर, आयपॉड, असेल तर उत्तम, आणि तो तेव्हा जवळपास अडीचशे डॉलर आणि पुढे. माझ्याकडे नव्हताच.

माझ्याकडे होता तो एक्सपीवाला सेकंडहँड लॅपटॉप आणि कॅम्पसचं वेगवान नेटवर्क. पहिलं गाणं मिनिटभरात उतरलं.

पण पहिलं गाणं निवडायला मला चार दिवस लागले होते. आधी मी रोमन अक्षरांत अभंग, नाट्यगीत, ठुमरी असे शब्द टाकून पाहिले. मला हवं होतं ते हाती लागलं नाही. बीटल्स शोधले, ते तर नव्हतेच. ते त्या दुकानात थेट नोव्हेंबर २०१० मध्ये आले. मग माझ्यातल्या सांगलीकरणीनं विचार केला की कितीही लांबीचं असो, कोड एकच लागणार, तर सगळ्यात लांब गाणं का घेऊ नये! ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला तीन-चार मिनिटांत काही सुरूच होत नाही. आलापी कुठे संपते, द्रुत कुठे लागते... एक वीस-बावीस मिनिटांचा जॅझचा तुकडा सापडला, तीस सेकंदांचा नमुना ऐकला, आवडला. पण त्याच्यापुढे खरेदीचं बटणच नव्हतं. लांब तुकडे बऱ्याचदा सुटे मिळत नसत, पूर्ण अल्बम घेतला तरच. त्यांचा हिशेब माझ्यासारखाच कुणीतरी आधी करून ठेवलेला होता. शेवटी मी साडेनऊ मिनिटांचा एक पियानो घेतला.

तो मी त्या आठवड्यात तीस-चाळीस वेळा ऐकला असेन. पाकिटातल्या सीडींवर एकेका चकतीत दीड-दीडशे गाणी होती, त्यातली निम्मी मी कधी पूर्ण ऐकलेली नव्हती. हे एकच होतं, चार दिवस घालवून निवडलेलं. डावा हात काय करतोय ते मला पाचव्या-सहाव्या वेळी ऐकू यायला लागलं.

मार्चमध्ये ती बाई भेटली.

डिपार्टमेंटमधल्या आमच्या मजल्यावर रात्रपाळीला सफाईला यायची. पन्नाशी उलटलेली, उंच, काम करताना सतत गुणगुणणारी. माझ्या टेबलावर झाकणं मांडून ठेवलेली बघून तिनं विचारलं, की ही तू का जमवतेस? मी सांगितलं. ती हसली आणि निघून गेली. दुसऱ्या रात्री झिपवाल्या पिशवीतून बावीस झाकणं घेऊन आली. कचऱ्याच्या डब्यांतून वेचलेली, पण धुऊन, पुसून, कोरडी केलेली. “घे हनी, तुला उपयोगी पडतील.”

मी कोड बघत बसले. बावीसपैकी नऊ जिंकलेली. नऊ गाणी! ती हातात घेऊन मला अवघडल्यासारखं झालं. तिला विचारलं, की तुम्हीच का घेत नाही? तिच्या घरी संगणक होता, नातवाचा. विंडोज ९८ चा. म्हणजे रस्ता पहिल्याच पायरीला बंद. मी म्हटलं, मग तुमची गाणी तुम्ही निवडा, मी उतरवून देते, सीडी करून देते. तिच्या गाडीत सीडी लागायची.

मग दोन आठवडे रात्री साडेदहाच्या सुमारास आमचा हा कार्यक्रम चालला. ती तिच्या सुट्टीच्या पंधरा मिनिटांत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायची. तिला चर्चमधली गॉस्पेल गाणी हवी होती. नावं तिला नीट आठवत नसत, ओळी पाठ होत्या. ती हलक्या आवाजात ओळ म्हणायची, मी ती गूगलमध्ये टाकून गाण्याचं नाव शोधायची आणि ते नाव आयट्यून्समध्ये. एकेका गाण्याचे दहा-दहा गायक निघत. हेडफोन तिच्या कानावर, तीस सेकंदांचा नमुना. डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची, “नाही, हा घाई करतो.” पुढचा. “हिचा आवाज चांगला आहे, पण हिला विश्वास नाही.” हे वाक्य माझ्या गुरूंच्या तोंडी शोभलं असतं. एका गाण्यासाठी आम्ही तीन रात्री घालवल्या आणि शेवटी जो आवाज सापडला तो ऐकून ती काही बोललीच नाही. हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. मागे ऑर्गन, आणि वर एकट्या बाईचा आवाज, एकेक शब्द धरून ठेवणारा. माझं जॅझचं वेड मी विसरले.

नऊ गाण्यांपैकी आठ तिनं घेतली. नववं म्हणाली तुझं. मी नको म्हटलं तर रागावली.

उतरवलेल्या गाण्यांना कुलूप असे. फाइल एएसी प्रकारची, आणि ती ठरावीक संगणकांवरच वाजायची. आधी तीन, मग २८ एप्रिल २००४ ला पाच केले. ऑडिओ सीडी मात्र करता यायची आणि ती कुठल्याही प्लेअरवर वाजे. एकाच यादीच्या दहा सीडी काढता येत, एप्रिलच्या त्याच बदलात सात केल्या. मी तिच्यासाठी दोन काढल्या, एक गाडीत आणि एक घरी. वर काळ्या मार्करनं तिचं नाव माझ्या अक्षरात. देवनागरीतही लिहून दाखव म्हणाली, म्हणून खाली तेही लिहिलं.

मार्चअखेर योजना संपली. कोड वापरायची मुदत ३० एप्रिलपर्यंत होती. त्या रात्री मी उरलेली तीन झाकणं वापरून टाकली आणि बेसिनवरचा टूथब्रश फेकला. माझी चौदा गाणी झाली, तिची आठ. थोड्याच दिवसांत बातमी वाचली: १० कोटी गाण्यांपैकी जेमतेम ५० लाख लोकांनी घेतली होती. पहिल्या वर्षभरात आयट्यून्सच्या दुकानानं ७ कोटी गाणी पैसे घेऊन विकली, आणि फुकटची मात्र शंभरातली पाचच उचलली गेली. बातम्यांत त्यावर बरीच चर्चा झाली. मला मात्र लॅबमधला तो मुलगा, विंडोज ९८ चा संगणक आणि मजल्यामजल्यावरचे कचऱ्याचे डबे डोळ्यांसमोर दिसत होते. लोकांना गाणी नको होती, हे मला पटत नाही. झाकण एकाच्या हातात पडत होतं आणि संगणक, नेटवर्क, सवड दुसऱ्याच कुणाकडे होती.

पुढे अशा योजना बऱ्याच पाहिल्या. २००७ च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीत नोकरीला होते. तेव्हा स्टारबक्सनं कॉफीच्या काउंटरवर आयट्यून्सची छोटी कार्डं ठेवली. महिन्याभरात ५ कोटी, रोज वेगळं गाणं. झाकण उघडायचं नाही, नशीब नाही, कार्ड उचलायचं आणि कोड टाकायचा. मी वीसेक कार्डं उचलली. पण त्या दिवसाचं गाणं त्यांनीच ठरवलेलं असायचं. त्यातली किती ऐकली ते आज सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी पेप्सीनं ॲमेझॉनबरोबर झाकणांची योजना पुन्हा काढली, पाच झाकणांना एक गाणं, आणि ते साधं एमपीथ्री, कुलूप नसलेलं. तोवर मी गाणी विकत घेऊ लागले होते, आणि झाकणं कुणी आणून दिली नाहीत.

कुलपाचं म्हणाल तर २००६ मध्ये माझा लॅपटॉप बंद पडला. पाच संगणकांच्या मर्यादेतल्या जागा आधीच्या संगणकांनी अडवून ठेवल्या होत्या, त्या सोडवायला मी विसरले होते. माझीच हयगय. पण सीडी शाबूत होती, त्यामुळे चौदाही गाणी राहिली. तीच सीडी मी २००४ च्या डिसेंबरात घरी नेली होती. बाबांनी ती समोरच्या खोलीतल्या प्लेअरवर लावली आणि साडेनऊ मिनिटांचा पियानो खुर्चीत ताठ बसून पूर्ण ऐकला. मग म्हणाले, “अगं, हा सम कुठे दाखवतोय बघ. दाखवत नाहीये, पण आहे.” आणि पुन्हा लावायला सांगितला.

त्याच खेपेत एक झाकणही घरी गेलं. नोव्हेंबरात थंडीचा कोट परत बाहेर काढला तेव्हा आतल्या खिशात पिवळं काहीतरी लागलं. सफाईच्या बाईनं दिलेल्या बाविसांतलं नव्हतं, गॅस स्टेशनवरच्या बाटलीचं असावं. उलटं केलं. जिंकलेलं होतं, आणि मुदत संपून सहा महिने झाले होते. फेकवेना, म्हणून पर्समध्ये टाकलं आणि सांगलीत आईच्या ओट्यावर पर्स उपडी केली तेव्हा ते निघालं. आईच्या शेंगदाण्याच्या तेलाच्या बाटलीचं झाकण तडकलेलं होतं. तिनं हे लावून पाहिलं, तर आटे अगदी घट्ट बसले.

२०१२ च्या डिसेंबरात आयट्यून्सचं दुकान भारतात सुरू झालं तेव्हा मी सांगलीतच होते. भाचा फोनवर गाणी शोधत होता, मी पोळ्यांना तेल घेत होते. बाटली तीन-चारदा बदलली असेल, झाकण तेच होतं, कडेनं थोडं पांढुरकं पडलेलं. आत तेलानं कोड पुसट झाला होता. शेवटची दोन अक्षरं मला वाचता आली नाहीत.